बदामाएवढा साक्षीदार

इंद्रकुमारला मेंदूतलं सगळं कळतं, हे दवनीवाड्यात आता कुत्र्यामांजरांनाही ठाऊक झालं होतं. पोरगा गोंदियात डॉक्टरांच्या दारोदार औषधं खपवायचा आणि कंपनीनं दिलेला प्लास्टिकचा मेंदू बॅगेत घालून गावभर हिंडायचा. उथळ पाण्याला खळखळाट फार. त्याच्या काकूच्या, शामकलाच्या ओसरीवर तो मेंदू कितीदा उघडला असेल याला गणती नव्हती. दरवेळी तिला वाटायचं, याचं स्वतःचं डोकंही एकदा असंच उघडून बघावं, आत काही आहे का.

तिचा नवरा बिसराम मागच्या वर्षी मेंदूज्वरातून वाचला होता. वाचला, पण नवीन काही त्याच्या डोक्यात टिकेना. जुनं सगळं शाबूत. तलावाचं पाणी धानाच्या कोणत्या बांधीला आधी लागतं, ते अजून झोपेतही सांगेल. पण दहा मिनिटांपूर्वी कोण येऊन गेलं, ते साफ पुसलेलं.

इंद्रकुमार त्याचा सख्खा पुतण्या. तलावाखालच्या बिसरामच्या दोन एकर बांधीत त्याला लग्नाचा लॉन काढायचा होता, आणि संमतीपत्रावर काकाचा अंगठा हवा होता. शामकलाचं वर्षाचं धान त्याच दोन एकरांतलं. तिनं तोंडावर नाही म्हटलं, तसा तो तिला शहाणपण शिकवायला बसला.

"ह्याले लिंबिक सिस्टीम म्हणते, काकू. हा वाकडा दिसते ना, हा समुद्रघोडा. नवीन आठवण हाच लिहून ठेवते. काकाजीचा हाच खराब झाला."

"आन् हा?" समुद्रघोड्याच्या तोंडाशी चिकटलेल्या बदामाएवढ्या लाल तुकड्याकडे तिनं बोट केलं.

"तो भीतीचा. धोका ओळखते. काकाजीचा तो चांगला हाये, रिपोर्टात हाये तसं. पर ज्याले आठवतच नाई, तो भिऊन कायले राहील? काकाजी आता गाय हाये गाय."

अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं ते थोबाड शामकलानं पाहून घेतलं. नवऱ्याला गाय म्हणणाऱ्याला तिनं त्या दिवशी चहाही विचारला नाही.

मंगळवारी ती धान कापून घरी आली, तेव्हा बिसराम खाटेवर बसला होता. उजवा अंगठा टम्म सुजलेला, नखाच्या कडेला निळी शाई.

"अवो, हे काय झालं?"

"का जाने," तो म्हणाला. खरंच त्याला माहीत नव्हतं. तिनं साबणानं शाई घासली, तेल चोळलं. ही शाई आली कुठून, ते तिला काही समजेना.

शुक्रवारी इंद्रकुमार कागद घेऊन हजर. सोबत साक्षीला पोलीस पाटील शालीकराम. शामकला आडवी आली, तर म्हणतो कसा, "सातबाऱ्यावर नाव काकाजीचं हाये, तुमचं नाई." बिसराम कुणालाही नाही म्हणणारा माणूस नव्हता, आणि या पुतण्याला तर त्यानं खांद्यावर खेळवलेलं.

"इंद्रा! कवा आला बे?" बिसराम खुलला. "बस, बस. चाय पे."

इंद्रकुमारनं शाईच्या पॅडची डबी उघडली आणि काकाचा हात धरायला गेला. बिसरामचा हात झटक्यानं मागे गेला आणि बगलेत जाऊन बसला. चेहरा पांढराफटक.

"काऊन, काकाजी?"

"का जाने. पर तुया हातात देत नाई."

"मंग माया हातात द्या," शालीकराम म्हणाला. बिसरामनं मुकाट हात पुढे केला. शालीकरामनं तो उलटा करून पाहिला. अंगठ्यावर सूज होती, नखात निळं होतं. डबीतली शाईही निळीच.

शामकलाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं पुतण्याच्या बॅगेतून मेंदू काढला, लाल बदाम उपटला आणि त्याच्या नाकासमोर धरला.

"हा चांगला हाये म्हणे ना? मंगळवारी मी वावरात असताना तू याचा अंगठा मुरगाळला. समुद्रघोड्यानं नाई लिवलं बे, पर ह्यानं ठेवलं. एवढं शिकून तुले हे नाई समजलं? कंपनी तुले पगार कायचा देते?"

"तवा... तवा ठसा पुसट आला, काकू, त्यायनं हात ओढला म्हणून..." इंद्रकुमार बोलून गेला आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो. मेंदूवर भाषणं देणाऱ्याला आपली जीभ काही आवरली नाही.

शालीकरामनं कागदाची घडी करून स्वतःच्या खिशात घातली. "हे मायाजवळ राहील. तू चाल चौकीत."

दोघं गेले. बदाम शामकलाच्याच मुठीत राहिला होता. तिनं तो शेणाच्या खड्ड्यात भिरकावला आणि चुलीकडे वळली. दहा मिनिटं गेली असतील.

"शामकला," बिसरामनं खाटेवरून विचारलं, "आपला इंद्रा लई दिवस झाले आला नाई. येईल तं त्याले चाय देजो. मोठा गुणाचा पोरगा हाये."

तिनं मान वळवून पाहिलं. तो हसत होता. अंगठा मात्र पुन्हा बगलेत जाऊन बसला होता.