ताईला बहीण दिसली

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ताईच्या डोळ्यावरची पट्टी आज सकाळी निघाली होती आणि तिला सगळ्यात आधी धाकट्या बहिणीला बघायचं होतं. बहिणीचा फोन साधा, बटणांचा. व्हिडिओ दिसणार तो तिच्या लॅपटॉपवर, आणि नेमकं आजच त्याचं वायफाय गेलेलं.

"मावशी, घाबरू नकोस," ताईची मुलगी आईशेजारी बसून फोनवर म्हणाली. मावशीच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स तिनेच घालून दिलं होतं. "टर्मिनल उघड, ती हुकूम टाईप करायची काळी खिडकी. मी एकेक अक्षर सांगते, तू टाईप कर."

घाबरते कसली! मावशीने तीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेलं. भाचीचं सांगून होईपर्यंत वायफाय कुठे अडलंय ते दाखवणारा 'आरएफकिल लिस्ट' हा हुकूम पडद्यावर उमटलासुद्धा.

"काय आलं?"

मावशीने खणखणीत आवाजात वाचलं, "सॉफ्ट ब्लॉक्ड, नो. हार्ड ब्लॉक्ड, येस."

भाचीला हसू फुटलं. "मग नुसते हुकूम सोडून भागायचं नाही. वायफायचं बटणच बंद आहे. लॅपटॉपच्या कडेला बघ."

मावशीने कडेवरून बोट फिरवलं. धूळ पुसताना फडक्याने एक चिमुकलं बटण मागे सरकलं होतं. तिने ते नखाने पुढे ढकललं. दिवा लागला आणि मिनिटभरात पडद्यावर ताई अवतरली. डोळे विस्फारून ती बहिणीकडे बघतच राहिली.

"अगं बाई, केवढ्या सुरकुत्या पडल्या गं तुला!"

"त्या कधीच्याच आहेत. तुला आज दिसल्या एवढंच," मावशी म्हणाली, आणि दोघी बहिणी पोट धरून हसत सुटल्या.