झरोक्यातल्या चिंध्या

मंडळी, शिंपीकाका इतके भित्रे की स्वतःच शिंकायचे आणि स्वतःच "कोण आहे?" म्हणून ओरडायचे. अशा माणसाच्या डोक्यावर, म्हणजे गच्चीवर, त्यांच्या सुनेने हायड्रोजन बनवायला घेतला! सून प्रयोगशाळेत कामाला. काचेखाली पाणी, पाण्यात स्वस्तातल्या पावडरीचा थर दिलेला पत्रा. ऊन पडलं की पाणी फुटून त्याचे दोन वायू व्हायचे. ऑक्सिजन हवेत जायचा, हायड्रोजन नळीवाटे गच्चीवरच्या खोलीतल्या टाकीत.

"अगं, सून पाण्यातून आग काढतेय!" काका कुजबुजले.

"बरंय की. तुमच्या तोंडून नुसती वाफच निघते," काकू म्हणाल्या.

पण शेजाऱ्यांनी काकांना जिन्यात गाठलं. "एक दिवस सगळी इमारत बिनतिकिटाची वर जाणार बघा!" काकांची झोप उडाली. सुनेला विचारावं, तर सासरेपण आडवं आलं. तिच्यापुढे 'मला भीती वाटते' कसं म्हणायचं?

एकदा ती कामावर गेल्यावर काका वर चढले. खोलीच्या छताला लागून एक झरोका होता. गॅस इथूनच खाली उतरणार, असं ठरवून त्यांनी दुकानातल्या चिंध्या त्यात ठासून भरल्या. गिऱ्हाइकाच्या सदऱ्यालासुद्धा कधी एवढं नेटकं काम केलं नसेल. मग ते ढाराढूर झोपले.

काही दिवसांनी आपली करामत शाबूत आहे ना, हे बघायला ते पुन्हा गेले. दार उघडलं. आत मिट्ट काळोख. ना वास, ना आवाज. त्यांनी दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"बाबा, हात मागे! बटण दाबू नका!"

सून गच्चीच्या दारात उभी होती. चेहरा पांढराफटक. नजर झरोक्यावर.

"तिथे चिंध्या कोणी भरल्या?"

"मी... गॅस खाली येऊ नये म्हणून." काकांची बोबडी वळली.

"तो खाली येतच नाही, बाबा! सगळ्या वायूंत हलका, वरच पळतो. नळीच्या जोडातून जरासा झिरपला तरी निघून जावा, म्हणून तर झरोका ठेवला. तुम्ही त्याला कोंडलंत! बटणाची एक ठिणगी पुरे होती! उतरा खाली, सगळ्यांना बाहेर काढा."

काकूंनी दारं ठोठावून इमारत रिकामी केली. काका मात्र जिन्यातच खिळले. वर सून चिंध्या ओल्या करून काठीने ओढत होती. काठी घासली की काकांना वाटे, संपलं! सूनही गेली, आपणही! शेवटी तिने गॅस मोजायचं यंत्र झरोक्याशी धरलं आणि हाक दिली, "बाबा, आता श्वास घ्या!"

काका मटकन पायरीवर बसले. "चुकलं माझं, पोरी."

"माझंही चुकलं. तुम्ही घाबरलात हे दिसत होतं. मोठ्यांना काय शिकवायचं, म्हणून मी गप्प बसले. पाटीसुद्धा लावली नाही."

संध्याकाळी काकांनीच शेजाऱ्यांना गच्चीवर बोलावलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "सूनबाई, मला भीती वाटते. नीट समजावून सांग."

नागरिकहो, नव्याची भीती वाटण्यात लाज नाही. लाज आहे ती न विचारता झरोका बुजवण्यात. कोंडलेली भीती कोंडलेल्या गॅससारखीच असते, ठिणगीची वाट बघत बसलेली!

काका अजूनही स्वतःच्या शिंकेला दचकतात. फक्त आता "कोण आहे?" म्हणून ओरडायच्या आधी वर बघतात, झरोका उघडा आहे ना.