एसा टॅन्सिलचं मत

ओढ्याकाठच्या लोकांनी मला विधानसभेला उभं केलं, तेव्हा माझी बायको लव्हिसा होती. ताटात मांस वाढता वाढता ती म्हणाली होती, "जा, हिवाळाभर राजधानीत, व्हॅन्डेलियात बस जाऊन. मला घरात जरा निवांत मिळेल."

फेब्रुवारीत बाळंतपणात ती गेली. नाव मागे घ्यावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसरंही काही येत नव्हतं.

मुलगी जगली. शेजारच्या ऑर्फा टॅन्सिलचं तान्हं त्याच आठवड्यात गेलं होतं. तिला दूध होतं, म्हणून ती मुलीला घेऊन गेली. तिनंच तिचं नाव टॅमर ठेवलं आणि मला विचारलं, चालेल का. मी चालेल म्हणालो. रविवारी मी तिकडे जायचो. ऑर्फा मुलीला माझ्या हातात द्यायची, मी थोडा वेळ धरायचो आणि परत द्यायचो. रडू यायचं नाही, राग यायचा नाही. दुसऱ्या कुणाचं तरी मूल धरलंय असं वाटायचं.

जुलै संपताना ऑर्फानं सरळ विचारलं, "मका खुडून झाला की आम्ही मिसूरीला निघतोय. तुम्ही निवडून आलात तर राजधानीला जाणार. मग ही कुणाकडे राहणार? आम्ही नेऊ, पण आमची म्हणून नेऊ. पडलात तर तुमची तुम्ही घ्या, आता पेज खाते ती. मधलं काही नको. मला झेपायचं नाही."

"निवडणूक झाली की सांगतो," मी म्हणालो.

म्हणजे निकाल लागेल तसं. आपण काही ठरवायचं नाही, एवढंच मला बरं वाटलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मतदान झालं, नेहमीसारखं पाणचक्कीच्या ओसरीवर. टेबलामागे पंच आणि कारकून, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझ्याविरुद्ध उभा राहिलेला जोथम क्रल. माणूस टेबलापुढे यायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव घ्यायचा, कारकून लिहायचा. ज्याचं नाव घेतलं त्यानं उठून आभार मानायचे. अंगणात क्रलचं व्हिस्कीचं पिंप होतं. माझंही होतं, ते कुणी आणलं मला माहीत नाही.

"क्रल, सकाळपासून तुझीच पितोय," बार्नी स्प्रूल म्हणाला, "पण मत एनॉस ग्रिबलला. तुझी पातळ आहे."

"पातळ होती तर तीनदा कशाला आलास, लेका?"

"पातळ आहे म्हणूनच तर तीनदा यावं लागलं!"

लोक हसले. मी उठलो, "आभारी आहे" म्हणालो आणि बसलो.

काही जण नाव घेताना आवाज खाली आणायचे. "ग्रिबल. लव्हिसावहिनीसाठी." मी उठायचो, आभार मानायचो, बसायचो. दुपारपर्यंत ते शब्द तोंडातून आपोआप निघायला लागले. मतं जवळपास बरोबरीनं चालली होती. मी ती ऐकत होतो, आपली मुलगी कुठे जाते ते ऐकत होतो, आणि मला भूक लागली होती.

ऊन उतरल्यावर एसा टॅन्सिल आला. ऑर्फाचा नवरा. एसा दर वेळी क्रलच्या बाजूचा. दोघं एकाच गावाहून इकडे आलेले. क्रल उठायच्या तयारीतच होता.

"एनॉस ग्रिबल," एसा म्हणाला.

"काय रे, पिंपं बदलली की काय आज?" मागून कुणीतरी ओरडलं.

एसा हसला नाही. टोपी हातात फिरवत टेबलाकडे बघत उभा राहिला. मी उठलो. त्याच्या सदऱ्याच्या खांद्यावर वाळलेला पांढरा डाग होता. मूल दूध काढतं तसा. त्याखाली आणखी जुने डाग होते, धुऊन न गेलेले. माझ्याकडे दोन सदरे होते. दोन्ही स्वच्छ.

"आभारी आहे, एसा," मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला आणि खाली जाऊन झाडाला टेकून उभा राहिला.

मी पाणी प्यायला म्हणून उठलो. रस्त्यावर पोलार्डकाका आणि त्यांचे तीन मुलगे घोड्यांवरून उतरत होते. ओढ्याच्या अगदी वरच्या टोकाची माणसं, माझ्याच बाजूची.

"उशीर झाला का रे? घोडीचा नाल निघाला."

"काका, मत क्रलला द्या."

"उन्हात बसून बसून डोकं फिरलं याचं," ते मुलांना म्हणाले.

"मला पडायचंय."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "एवढ्या लांबून घोडी दमवत आलो ते तुला पाडायला? मग उभा कशाला राहिलास?"

"तेव्हा लव्हिसा होती."

"म्हणून तर आलो आम्ही! तिच्यासाठी!"

"मुलगी माझ्याकडे राहू दे, काका. निवडून आलो तर ती जाते."

काका बाजूला थुंकले आणि ओसरी चढले. टेबलावर हात आपटून म्हणाले, "जोथम क्रल! ग्रिबलला नको आहे म्हणून. लिही तसं."

"तसं लिहिता येत नाही," कारकून म्हणाला.

"मग नुसतं क्रल लिही. ऐकलं सगळ्यांनी."

तिन्ही मुलांनी तेच नाव घेतलं. क्रल चार वेळा उठला, पण आभार मानताना तो माझ्याकडे बघत होता. झाडाखालचा एसा सरळ उभा राहिला. त्यानं टोपी घातली, घोडा सोडला आणि निघून गेला.

शेवटी रीतीप्रमाणे क्रलनं माझं नाव घेतलं आणि मी त्याचं. क्रल दोन मतांनी निवडून आला. त्यानं माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही.

मी टॅन्सिलकडे चालत गेलो. एसा मागे लाकडं फोडत होता. मला बघूनही तो थांबला नाही. दारात ऑर्फा होती, पायाशी मुलीच्या कपड्यांचं गाठोडं.

"पडलात म्हणे."

"हो."

"स्वतःच पडलात, असं हा सांगतो."

"हो."

"जीव लागलाय का तिच्यावर?"

खोटं बोलवेना. "अजून नाही," मी म्हणालो.

ती आत गेली आणि मुलीला घेऊन आली. "पेज गाळून द्या. गुठळी राहिली तर ठसकते. डाव्या कुशीवर झोपते." मुलीला माझ्या हातात देऊन तिनं दार लावलं. लाकडं फोडायचा आवाज चालूच होता.

वाटभर टॅमर ओरडत होती, मान वळवून मागे बघत. घरी मी चूल पेटवली, पेज केली, फडक्यातून गाळली. पहिला घास तिनं थुंकला. मी तिचं तोंड पुसलं आणि पेज आणखी निवायची वाट बघत बसलो. ती रडत होती. मी तिला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होतो.