कुठल्या पाण्याचं?

बोईसरच्या मासळी बाजारात गिऱ्हाईक आधी भाव विचारत नाही. आधी विचारतं, "कुठल्या पाण्याचं?" आणि टोपलीमागे बसलेली बाई, मग ती कुठल्या का गावची असेना, पापणी न हलवता सांगते, "बाहेरच्या पाण्याचं." बाहेरचं म्हणजे खोल समुद्रातलं, बोटीने आणलेलं. खाडीचं म्हटलं की गिऱ्हाईक पुढे केलेला हात मागे घेतं. खाडीच्या म्हावऱ्याला शिजताना घासलेटसारखा वास सुटतो, आणि तो वास कुठून येतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त ते मोठ्याने कोणी बोलत नाही.

जयवंती बोलली. आणि बोलली ती भाचीच्या कॅमेऱ्यासमोर.

भाची म्हणजे उन्नती, तिच्या भावाची मुलगी. मुंबईत जाऊन चित्रपट करायला शिकली आणि पहिलाच सिनेमा आत्यावर काढायला गावी आली. जयवंतीने आधी तिला हसण्यावारी नेलं. "माजा थोबडा बघायला कोन पैसे देईल गो?" पण पोरगी चिवट. गुडघाभर चिखलात उतरून बिळातली चिंबोरी हाताने काढणारी आत्या, पागाचं जाळं फेकणारी आत्या, चिखलातल्या निवट्या मासळीला साफ करता करता सुनेवर डाफरणारी आत्या, सगळं तिने टिपलं. शेवटी चुलीजवळ बसून टोपावरचं झाकण काढताना जयवंती आपणहून बोलून गेली होती:

"हे आमच्या खाडीचं म्हावरं. मी बाजारात इकते, पन माज्या नातीच्या ताटात वाढत नाय. खाडी आमची मारली, आन् मारनारेच इचारतात, वास कसला येतो?"

बोलली आणि झाकण परत ठेवलं. तो सिनेमा उन्नतीने गावातल्या देवळाच्या ओट्यावर चादर बांधून दाखवला तेव्हा हसणं, टाळ्या, शिट्ट्या सगळं झालं, आणि या वाक्याला सगळं गाव गप्प बसलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात सोमीने आपली टोपली उचलली आणि पार टोकाला जाऊन बसली. लग्न होऊन आल्यापासून दोघी शेजारीशेजारी बसायच्या. सोमीला गप्पांचा भारी नाद. ती बोलण्यात रंगली की जयवंती कोपराने ढोसायची, "सोमी, गिऱ्हाईक उभं हाय!" आता ढोसायला शेजारी कोणीच नव्हतं. जयवंती तिच्याकडे गेली, तेव्हा सोमीने मान वर न करता सुनावलं.

"तू बोलून मोकली झालीस. उद्या हा सिनेमा पालघरला लागला की आमचं म्हावरं कोन घेईल? बाहेरचं असलं तरी कोन इश्वास ठेवील? तुजा लेक नोकरीला हाय, बाय. माज्या घरात ह्या टोपलीवर चूल पेटते."

जयवंती तशीच मागे फिरली, कारण सोमीचं खरं होतं. त्याचाच तिला जास्त राग आला.

उन्नतीचा सिनेमा लागणार होता तो पालघरचा महोत्सव नद्यांचा, डोंगरांचा, माणसांचा. सभागृहाच्या दारावर वारली चित्रांची कमान, आत वैतरणेवरचा एक सिनेमा, जवळच्या माहीमच्या पानमळ्यांवरचा एक, जव्हारकडच्या, गाऊन लग्न लावणाऱ्या धवलेरीच्या गाण्यांवरचा एक. भरवणारे रामनाथ मास्तर भला माणूस. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, यांनी हा उद्योग काढला. पण सभागृह काही फुकट मिळत नाही. यंदा खर्च उचलला होता खाडीकाठच्याच एका कारखानदाराने. त्याचं नाव कमानीवर चितारलेल्या सूर्याहून मोठं काढलं होतं, आणि पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर तो स्वतः हारासकट बसला होता.

दुपारी मास्तरांनी उन्नतीला बाजूला घेतलं. जयवंतीही मागोमाग गेली.

"फक्त ते एक वाक्य," मास्तर म्हणाले. "चित्र तसंच राहील, आवाज तेवढा बंद करू. त्यांच्या माणसांनी आधीच पाहिलाय सिनेमा. जयवंतीबाई, समजून घ्या. पुढच्या वर्षी महोत्सव होणार की नाही, ते त्यांच्या हातात आहे."

"मग सिनेमाच नका लावू," उन्नती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

जयवंतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मास्तर, मुंडी कापून म्हावरं इकायला बसलं तर गिऱ्हाईकाने ताजं-शिलं वलखायचं कसं?"

मास्तरांनी नुसते हात जोडले.

"लावा," जयवंती म्हणाली. "कापायचं तेवढं कापा नि लावा."

बाहेर आल्यावर उन्नती तिच्यावर भडकली. "आत्या, तू मान्य केलंस?"

"मी लावा म्हनले. मान्य केलं असं कुटं म्हनले?"

असं तोऱ्यात म्हणाली खरी, पण खुर्चीत बसल्यावर ती सारखी मागे वळून बघू लागली. मागच्या रांगेत गावच्या बायका होत्या. पारंपरिक गाणं म्हणायला त्यांना टेम्पोने आणलं होतं, सगळ्या एका रंगाच्या लुगड्यांत. गाणं झालं, कारखानदाराने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या, आणि बायकांना बिस्किटाचे पुडे मिळाले. त्या बायकांत सोमीही होती. सकाळपासून तिने जयवंतीकडे बघितलं नव्हतं. पुढे कारखानदार, मागे सोमी. पुढच्याला दुखवायला जयवंती एका पायावर तयार होती. मागचीची तिला भीती वाटत होती. गप्प बसावं, असंही एकदा मनात आलं. मग तिला ते झाकण आठवलं, आणि ताट पुढे करून "आजी, मला का नाय?" विचारणारी नात आठवली.

दिवे गेले. पडद्यावर चिखल आला, चिंबोरी आली, लोक हसले. मग चूल आली. पडद्यावरच्या जयवंतीने झाकण काढलं, तोंड उघडलं, आणि आवाज गेला. तोंड हलत होतं, हात हलत होता, टोपातून वाफ येत होती, आणि सभागृहात फक्त पंख्यांची घरघर. "स्पीकर गेला वाटतं," कोणीतरी म्हणालं.

जयवंती उभी राहिली. भर बाजारात चार ओळी पलीकडच्या गिऱ्हाईकाला बोलावून घेणारा गळा तिचा, त्याला माईक कशाला लागतो?

"हे आमच्या खाडीचं म्हावरं! मी बाजारात इकते, पन माज्या नातीच्या ताटात वाढत नाय! खाडी आमची मारली, आन् मारनारेच इचारतात, वास कसला येतो?"

पडद्यावरच्या बाईने झाकण ठेवलं. कोणीतरी घाईघाईने दिवे लावले, सिनेमा थांबला. लोक वळून बघू लागले. उन्नतीने आत्याचा हात घट्ट धरला. जयवंती काही खाली बसली नाही.

कारखानदार उठला. तो चिडला नाही, उलट हसला. माईक हातात घेऊन गोड आवाजात म्हणाला, "मावशी, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण असे गैरसमज पसरवू नका. तुमच्याच भगिनींचा धंदा बुडेल. अहो, आमच्या घरी दर रविवारी मासे होतात. मी स्वतः खातो, माझी मुलं खातात. काही झालंय का आम्हाला?"

पहिल्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. नेमकं सोमीचंच बोलणं त्याने उचललं होतं. तेवढ्यात मागे खुर्ची करकरली. सोमी उभी राहत होती. आता ही सगळ्यांसमोर आपली अब्रू काढणार, असं जयवंतीने धरलंच.

सोमीने बिस्किटाचा पुडा खुर्चीवर ठेवला, पदर खोचला आणि पहिल्या रांगेकडे बघून विचारलं, "कुठल्या पाण्याचं?"

"काय?" कारखानदार म्हणाला.

"रविवारी खाता ते म्हावरं. कुठल्या पाण्याचं?"

मागच्या रांगेत एकजण फिस्सकन हसली. मग दुसरीने विचारलं, "सांगा ना शेट, कुठल्या पाण्याचं?" मग तिसरीने. बाजारात आयुष्यभर ज्या प्रश्नाला त्या घाबरत आल्या होत्या, तोच आता एका रंगाची लुगडी नेसून उभा राहिला होता. रामनाथ मास्तरांनी पुढे होऊन माईक बंद करावा, असं कोणीतरी खुणावत होतं. मास्तर जागचे हलले नाहीत.

कारखानदाराने हारातलं एक फूल चुरगळलं. "बाहेरच्या" म्हणावं तर खाडीत काय आहे ते स्वतःच्या तोंडाने कबूल होत होतं. "खाडीच्या" म्हणावं तर समोर टोपलीवाल्याच बसल्या होत्या, उद्या ताजं घेऊन बंगल्यावर हजर झाल्या असत्या. तो नुसताच माईक धरून उभा राहिला.

जयवंतीने मागे बघितलं. सोमीने या खेपेला नजर चुकवली नाही. मग जयवंती पुढे वळली आणि बाजारातल्या त्या खणखणीत गळ्याने म्हणाली,

"बोला की शेट. गिऱ्हाईक उभं हाय."