सुपकान्या पडतो कसा

खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू सहसा तक्रार करत नाहीत. त्यामुळे त्यांनी मला जिन्यात अडवून, "अगं, दुपारी तुमच्याकडे काय आदळतं?" असं विचारलं, तेव्हा मी पायरीवरच थांबले. दुपारी घरात फक्त बाबा असतात.

"आदळतं म्हणजे?"

"धप्प. मग जरा थांबून पुन्हा धप्प. परवा दचकले आणि बाहीची शिवण वाकडी गेली. मला वाटलं, रंगारीबुवा कपाट सरकवताहेत."

रंगारीबुवा म्हणजे माझे बाबा. उभा जन्म लोकांच्या भिंती रंगवल्या आणि गेल्या वर्षी शिडीवरून पडले. खुबा मोडला. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले आता चाला, फिरा. पण बाबांनी जिन्याचं तोंडसुद्धा पाहिलं नाही. घरातल्या घरात चालायचे, तेही मी कोपर धरलं तर. दादा दुसऱ्या गावी, तळमजल्यावर राहतो. त्याचं एकच पालुपद होतं: "बाबा पुन्हा पडले की मी घेऊन जाणार. तू दिवसभर दुकानात, तिसऱ्या मजल्यावर त्यांच्याकडे कोण बघणार?" त्याचं चुकत नव्हतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. बाबांना जायचं नव्हतं आणि मला त्यांना पाठवायचं नव्हतं. कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरायचं, हा नुसता विचारही मला नकोसा व्हायचा.

आता हे धप्प. म्हणजे बाबा पडत होते आणि माझ्यापासून लपवत होते.

एरवी बाबांचा दिवसभराचा उद्योग एकच, चिनी मारामारीचे सिनेमे. ज्या माणसाने घरात कधी झुरळ मारलं नाही, तो लाथाबुक्क्यांत एवढं काय बघतो, हे कोडं मला सुटत नव्हतं. मला तर सगळे सिनेमे एकच वाटायचे. पांढऱ्या दाढीचे गुरुजी, पाण्याच्या बादल्या वाहून वाहून कावलेला शिष्य, आणि एक खाणावळ, जिथे कुणाचंही जेवण पूर्ण होत नाही. ओठ एक बोलतात, आवाज भलतंच.

"बाबा, याचं तोंड मिटलं तरी हा बोलतोच आहे."

"तुझ्या आईचंही तसंच होतं," एवढंच बाबा म्हणाले होते. काय आवडतं ते काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चष्म्याच्या दुकानातून अर्धी रजा काढली आणि चोरपावलांनी घरात शिरले. पलंगावरची गादी जमिनीवर होती. टीव्हीवर खाणावळ मोडत होती. बाबा गादीच्या कडेला उभे, हातात रंगाचा रिकामा डबा. त्यांनी डबा उशीवर भिरकावला आणि अंग सैल सोडून आडवे झाले. धप्प.

मी दार उघडंच टाकून धावले.

"दार लाव," बाबा पडल्या पडल्या म्हणाले. "खालपर्यंत आवाज जातो."

"खालपर्यंत केव्हाच गेलाय. तुम्हाला वेड लागलंय का? मी रात्रंदिवस तुमचं कोपर धरून फिरतेय आणि तुम्ही इथे हौसेने पडताय?"

"बस आधी. हे बघ." त्यांनी सिनेमा मागे नेला. पांढऱ्या कपड्यातला नायक हवेत उडाला. मी त्याच्याकडे बघत होते, तर बाबा म्हणाले, "तो नव्हे. त्याच्या मागचा. सुपकान्या."

सुपाएवढ्या कानांचा एक जाडा माणूस लाथ खाऊन कठड्यावरून उडाला, टेबलावर आपटला, तिथून जमिनीवर.

"हा प्रत्येक सिनेमात मार खातो. कुठे दरोडेखोर, कुठे हमाल. मारणारा एकच असतो गं, पडणारे पन्नास. जग त्या एकालाच बघतं."

"आणि तुम्ही?"

"मी कामाचं बघतो. हनुवटी छातीला, पाठ गोल. आणि मुख्य म्हणजे, हातात असेल ते आधी सोडायचं. बघ, तलवार पहिली सुटली." त्यांनी उशीवरचा डबा जवळ ओढला. "मी डबा नाही सोडला."

हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. शिडी सरकली तेव्हा खाली मालकाची नवी कोरी फरशी होती. बाबांनी रंगाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि तसेच खुब्यावर आले. एक थेंब सांडला नाही. लोकांनी वाहवा केली म्हणे. मला त्या लोकांचा, त्या फरशीचा आणि बाबांचाही संताप आला, आणि मी रडले.

मग डोळे पुसून तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. या खेपेला मी फक्त पडणारे पाहिले. एकजण पडता पडता पाय आवरून घेत होता, मागून येणाऱ्याला जागा व्हावी म्हणून. एक मेलेला हळूच डोळा उघडून सुपकान्या नीट पडला ना, ते बघत होता. बाबांना यात काय दिसतं ते मला आत्ता दिसलं. मेलेली सगळी मंडळी पुढच्या सिनेमात पुन्हा ठणठणीत उभी असतात.

"मला भीती वाटते, तुम्ही पडाल याची," मी म्हटलं.

"मलाही वाटते. पण तू कोपर धरलंस की दोघांची भीती एकत्र होते. तेवढी नाही पेलवत."

रविवारी आम्ही जिना उतरलो. मी हात पाठीमागे घट्ट बांधून त्यांच्या मागे होते, जीव मुठीत धरून. टोमॅटो घेतले. पिशवी बाबांनी हट्टाने स्वतःकडे ठेवली. परतताना घरासमोरच फुटपाथच्या कडेवरून त्यांचा पाय घसरला.

आधी पिशवी उडाली. मग हनुवटी छातीला, पाठ गोल, धप्प. टोमॅटो रस्ताभर. लोक धावले. काकू हातातलं कापड घेऊन खिडकीत आल्या. बाबा डोळे मिटून पडलेले, आणि मी जागच्या जागी गोठलेली.

"लगेच उठवू नका," बाबा म्हणाले. "सुपकान्याही जरा पडून राहतो."

मग ते कुशीवर वळले, गुडघ्यावर आले, उभे राहिले. कोपर खरचटलं होतं, बाकी काही नाही. "सोडली बघ पिशवी," ते मला म्हणाले. आयुष्यात एवढं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी मी स्वतःहून दादाला फोन लावला. "दादा, बाबा पडले."

तो म्हणाला, "मी सांगितलं होतं. उद्या न्यायला येतो."

"ये. पण न्यायला नको, बघायला ये."

"काय बघायला?"

बाबा टीव्हीसमोर पुढे सरकून बसले होते. सुपकान्या कठड्यापाशी येऊन उभा होता.

"कसे पडतात ते," मी म्हटलं. "फार छान पडतात."