लहान हाताची मूठ

कोयत्याची मूठ ज्याच्या त्याच्या हाताप्रमाणे करावी लागते. दुसऱ्याच्या मुठीने दिवसभर ऊस तोडला तर तळहाताची सालटी निघतात. पाथर्डीच्या ह्या भागात आमच्या ह्यांच्यासारखी मूठ बसवणारा सुतार नाही, आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्यांची आमच्या दारात रांग लागते. हे आधी माणसाचा हात आपल्या हातात घेतात, बोटं वाकवून बघतात आणि मग बाभळीचा तुकडा तासायला बसतात.

गेल्या वर्षी बायडाबाई स्वतःचाच जुना कोयता घेऊन आली. तिच्या अंगदला टोळीत जायचं होतं. मुकादम एकट्या गड्याला घेत नाही, नवरा-बायको दोघं लागतात, म्हणून घाईघाईने लग्न उरकलं होतं.

"राधाकृष्णभाऊ, सुनंचा हात लहान हाय. मूठ तासून द्या," ती म्हणाली. "पण लई बारीक नका करू. वाढता हात हाय."

शाळेचा गणवेश शिवायला टाकताना बाया सांगतात, अगदी तसं सांगितलं तिने. मग सुनेला पुढे केलं. ज्ञानेश्वरी तिचं नाव. ह्यांनी तिचा हात हातात घेतला आणि बघतच राहिले.

"कितवीला हायेस?"

"सातवीला हुते."

"अठराची हाय ती," बायडाबाई मधेच म्हणाली.

ह्यांनी कोयता उचलून तिच्या पायाशी ठेवला. "ह्या हाताला मी मूठ बसवनार न्हाई."

बायडाबाई चिडली नाही, हे मला अजून आठवतं. तिने कोयता पिशवीत घातला. "मूठ बारीक न्हाई झाली म्हनून लगीन मोडत न्हाई, भाऊ. हाय तीच वापरंल," म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर आठवडाभर आमचे हे छाती काढून फिरत होते. चहाच्या टपरीवर दहा जणांना सांगून झालं. लोकही वा वा करत होते, त्यांचं काय जात होतं? माझं डोकं फिरलं.

"अहो, एक तर पोलिसाला फोन करा, न्हाईतर मूठ तरी करून द्या," मी म्हणाले. "ह्यातलं काहीच न्हाई केलं, तर पोरीच्या पदरात काय पडलं?"

"गावात ऱ्हायाचंय आपल्याला," हे म्हणाले. फोन मीही केला नाही. टोळी संगमनेरकडे निघून गेली.

ह्या दसऱ्याला बायडाबाई परत आली, सुनेला आणि तोच कोयता घेऊन. पोरीने उजवा हात पदराखाली धरला होता. सासूने तो ओढून बाहेर काढला. अंगठ्याजवळचं बोट ताठ, वाकतच नव्हतं. मधलं अर्धंच उरलेलं. गेल्या हंगामात एका पहाटे दवाने ऊस ओला होता, जाड मूठ तिच्या पंज्यात मावत नव्हती, घाव बसला तसा हात पुढे घसरला आणि पात्यावर गेला. बायडाबाईने हे सांगताना ह्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

"ह्या हातात बसंल अशी मूठ करा," ती म्हणाली. "बसली तर हिला नेऊ. न्हाई बसली तर अंगदला दुसरी बघावी लागंल. मुकादम थांबनार न्हाई." एवढं बोलून ती किराणा आणायला गेली.

हे कामाला बसले. रंधा मारायचे, थांबायचे, परत मारायचे. मला ह्यांचा हात ओळखता येतो. लाकूड मुद्दाम वाकडं तासत होते. मूठ बसली नाही, की पोरगी उसाच्या फडातून सुटली, असा हिशोब चालला होता डोक्यात.

ज्ञानेश्वरी जवळ बसून बघत होती. तिलाही ते कळलं.

"मामा, नीट करा की," ती हळूच म्हणाली.

"नीट बसली तर तुला परत ऊस तोडाया जावं लागंल, पोरी."

"न्हाई बसली तर मी कुठं जाऊ? आईबाप कालच गेले टोळीत. घराला कुलूप हाय."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. हातातला तुकडा टाकून दिला आणि दुसरा घेतला.

मग जे केलं, तसं कुणासाठीच केलं नव्हतं. ताठ बोटाला पडायला वर चपटी जागा, अर्ध्या बोटासाठी खोलगट खाच, हात पुढे जाऊ नये म्हणून पात्याजवळ उंचवटा. दर थोड्या वेळाने तिच्या हातात देऊन बघायचे, कुठे टोचतं विचारायचे आणि कानशीने घासायचे. शेवटी कोयता बसवून तिच्याकडे दिला.

ती उठली. कुंपणाची बाभळीची फांदी धरली आणि एका घावात तोडली. दुसरी तोडली. मूठ हलली नाही. बायडाबाई पिशवी घेऊन दारात आली होती, ती बघत उभी राहिली आणि तिने मान हलवली.

ज्ञानेश्वरीने कोयता छातीशी धरला. "आता नेतील मला," ती आम्हाला म्हणाली. हसून म्हणाली.