काठावर पास झालेली बॅच

माझं तोंड फटकळ आहे, हे आमच्या संस्थेत शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पण जिथे बोलायला हवं होतं तिथे नेमकी मी गप्प बसले, आणि तेच आता मला खातंय.

आमची संस्था सरकारी. साप चावल्यावर द्यायची लस आम्ही बनवायचो. घोड्याला विषाचा अगदी थोडा थोडा डोस देत जायचं, त्याचं रक्त विषाशी लढायला शिकलं की त्यातलं थोडं काढून घ्यायचं, आणि त्यापासून लस. माझा थोरला भाऊ, दादा, तबेल्याचा मुकादम होता आणि मी लॅबमध्ये लस तपासायचे. एकदा रक्त काढलं की सहा आठवडे त्या घोड्याला हात लावायचा नाही, असा नियम. दादा आठ आठवडे थांबायचा. हिरड्यांचा रंग बघायचा, पाठीवरून हात फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून नाही. त्याचं त्याला भरून येऊ दे." साहेब चिडायचे, पण दादापुढे त्यांचं काही चालायचं नाही.

मग वरून ठरलं, की सरकारने लस बनवत बसायचं कारणच नाही. एक परदेशी कंपनी स्वस्तात विकते, तिच्याकडून घेऊ. त्याआधी पाहणीला एक अधिकारी येणार होता. आमच्या हातात तीन महिने होते. माझ्या डोक्यात किडा वळवळला, की लस ठेवायची कोल्ड रूम गच्च भरून दाखवायची. आपण काय चीज आहोत ते कळू दे त्याला!

"दादा, चार आठवड्यांनी काढ," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला? जनावर आहे ते, नळ नाही."

"संस्थाच राहिली नाही, तर तुझी जनावरं कुठे राहतील?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मनाविरुद्ध काम केलं, आणि ते माझ्यासाठी. तिसऱ्या महिन्यात ठेंगणी नावाची त्याची लाडकी घोडी सकाळी उठलीच नाही. दादा दुपारपर्यंत तिच्याशेजारी बसून होता. मला एका शब्दाने बोलला नाही.

त्याच आठवड्यात शेवटची बॅच माझ्या टेबलावर आली. आमची लस नेहमी नियमापेक्षा दीडपट जोरदार निघायची. ही काठावर पास झाली. इतक्या घाईने रक्त काढल्यावर दुसरं काय होणार! पास म्हणजे पास, असं मी स्वतःला बजावलं आणि सही ठोकली. दादाला सांगितलं नाही. आधीच घोडी गेलेली, त्यात हे कोणत्या तोंडाने सांगू?

अधिकारी आला. तरुण होता, टाय लावलेला, वागायला चांगला. कोल्ड रूममध्ये त्याचे डोळेच विस्फारले.

"वा! एवढी लस तीन वर्षं सहज पुरेल."

मी खुशीत दादाकडे बघितलं.

"म्हणजे आज बंद केलं तरी कुणाचं अडणार नाही," तो म्हणाला, आणि त्याने ते लिहून घेतलं.

अरे देवा! आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला होता आम्ही. महिन्याभरात कुलूप लागलं. घोडे लिलावात गेले, लॅबमधली यंत्रं ट्रकमध्ये चढली. दादा एका मॉलच्या दारात पहारेकरी झाला. मी खासगी लॅबमध्ये लोकांची साखर तपासू लागले.

तीन वर्षांनी तोच अधिकारी माझ्या घरी आला. या वेळी टाय नव्हता. दादा ड्युटीआधी चहाला म्हणून माझ्याकडेच आला होता. अधिकाऱ्याने सांगितलं, की परदेशी कंपनीने ही लस बनवणं बंद केलं. साप चावतो तो मळ्यात, रानात राबणाऱ्यांना. त्यात कंपनीला फायदा दिसेना.

"काका, परत सुरू करायला किती दिवस लागतील?"

"दिवस?" दादा म्हणाला. "घोडे आणा, तयार करा. दीड वर्ष तरी जाईल. पण आणा तुम्ही, मी आजपासून येतो."

अधिकारी खाली बघत म्हणाला, "सरकार आता बनवत नाही, काका. फक्त विकत घेतं."

"आणि विकणाराच नसेल तर?"

अधिकाऱ्याने एक कागद पुढे केला. आमच्या शेवटच्या बॅचच्या काही बाटल्या दवाखान्यांत उरल्या होत्या. त्यांची मुदत गेल्या महिन्यात संपली होती. ज्यांनी तेव्हा तपासली होती त्यांनी, म्हणजे मी, 'अजून चांगली आहे' असं लिहून दिलं, तर ती वर्षभर वापरता येणार होती.

"या आठवड्यात एकाच जिल्ह्यात चौघं गेली, ताई. दोन लहान पोरं होती."

दादाचा चेहरा उजळला. तीन वर्षांत मी त्याला असा बघितला नव्हता. "अगं, बघतेस काय? कर सही! आपला माल आहे तो."

पेनही त्यानेच दिलं. मी ते कागदाशेजारी ठेवलं.

"ती बॅच काठावर पास झाली होती, दादा. आता तिच्यात किती जोर उरलाय, मला माहीत नाही, आणि तपासायला आपली लॅबही उरली नाही."

मग मीच अधिकाऱ्याला म्हटलं, "असं लिहून देते, की जोर कमी असेल, जास्त बाटल्या द्या."

"तसा कागद वर कुणी घेणार नाही, ताई. चांगली आहे की नाही, एवढंच हवंय. काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का?"

"माझ्या सहीच्या भरवशावर डॉक्टर एक बाटली देईल आणि निर्धास्त होईल," मी म्हटलं. "नाही जमायचं."

तो कागद घडी करून निघून गेला. दादाने डोक्यावर टोपी चढवली, पट्टा आवळला. दारापर्यंत जाऊन थांबला.

"तेव्हाच बोलली असतीस, तर ती बॅच फेकून दिली असती आणि घोडे भरून येईपर्यंत मी त्यांना हात लावला नसता," तो म्हणाला. "लस कमी, पण जोरदार निघाली असती गं. आणि आज तुला सही करता आली असती."

तो ड्युटीवर गेला. मी चहाचे कप तसेच ठेवून ढसाढसा रडले.